दर दहा सेकंदांना एक घर

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जगभरातल्या शहरांच्या वाढीचा अंदाज मांडला. त्यात भारताच्या वाट्याला आलेला आकडा असा : २०१८ ते २०५० या बत्तीस वर्षांत देशाच्या शहरी लोकसंख्येत ४१ कोटी ६० लाखांची भर पडेल. आकडे कोटींत गेले की कल्पनाशक्ती हात टेकते, त्यामुळे हा आकडा वर्तमानपत्रांत आला आणि गेला. पण तो नुसता २०११ च्या जनगणनेशेजारी ठेवून बघा. त्या वर्षी भारतातली लहानमोठी सगळी शहरं मिळून ३७ कोटी ७० लाख माणसं राहत होती. त्याहून जास्त माणसांची नव्याने सोय करायची आहे, आणि त्यासाठी हातात एका पिढीएवढाच वेळ आहे.

एका घरात चार माणसं धरू. मग घरं लागतील १० कोटी ४० लाख. बत्तीस वर्षांचे दिवस होतात ११,६८०. भागाकार केला की रोज सुमारे ८,९०० घरं येतात, आणि आणखी खाली उतरलं तर दर दहा सेकंदांना एक घर. रात्री, रविवारी, दिवाळीत आणि मुसळधार पावसातसुद्धा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडको या सरकारी महामंडळाने २६ हजार घरांची योजना जाहीर केली तेव्हा तिची केवढी चर्चा झाली! या वेगाने ती २६ हजार घरं तीन दिवसांची गरज भागवतात.

ही सगळी माणसं बोचकं घेऊन गावाहून शहरात येणार आहेत, असं नाही. बरीचशी शहरातच जन्माला येतील. काही आपल्या गावातच राहतील आणि गावच एक दिवस नगरपंचायत होऊन जाईल. छप्पर, नळ आणि गटार मात्र प्रत्येकाला लागणारच. म्हणून नियोजित वसाहती हव्यात की नकोत, हा वाद मला आता फारसा कामाचा वाटत नाही. त्या होणारच आहेत. त्या कशा मोजायच्या, हे मात्र अजून ठरलेलं नाही. फ्लॅट किती, मजले किती, गुंतवणूक किती कोटींची, हे आकडे जाहिरातीत असतातच. मला त्यांच्यापेक्षा लहान आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात, आणि ते मोजायला आपल्या शेजारीच एक शहर आहे : नवी मुंबई.

१९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात तिघांनी मिळून एक प्रस्ताव मांडला. चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता हे वास्तुरचनाकार, तर शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, देशातला पहिला, पटेलांनीच त्याच सुमाराला उभा केला होता. तिघांचं म्हणणं साधं होतं. मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली आहे, सगळे जण सकाळी एकाच टोकाकडे धावतात आणि संध्याकाळी उलटे फिरतात. तेव्हा खाडी ओलांडून पूर्वेला नवं शहर वसवा. सरकारने ते मानलं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. क्षेत्र ठरलं ३४४ चौरस किलोमीटर, त्यात ९५ गावं, आणि लक्ष्य २० लाख वस्तीचं. सरकारने महामंडळाच्या हातात भांडवल म्हणून दिले अवघे ३ कोटी ९५ लाख रुपये. जमीन स्वस्तात घ्यायची, रस्ते-पाणी आणायचं, भाव वाढला की भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचं शहर बांधायचं, असा तो बेत होता. आज त्याच शहरातल्या मोक्याच्या भूखंडाच्या एका चौरस मीटरला काही लाख रुपये पडतात. पैशाच्या बाजूने बेत जमला, असंच म्हणावं लागेल.

आता ४१ कोटी ६० लाखांना या २० लाखांनी भागा. २०८ नवी मुंबया. दर छप्पन्न दिवसांना एक.

आणि खऱ्या नवी मुंबईला किती दिवस लागले? वाशीचा खाडीपूल १९७३ साली खुला झाला. मानखुर्दवरून वाशीला लोकल पोचली १९९२ साली, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. छप्पन्न दिवसांच्या हिशेबाने तेवढ्या काळात १४३ शहरं उभी राहायला हवीत. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या भरली ११ लाख २० हजार. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही दक्षिणेकडची उपनगरं त्यात येत नाहीत, ती धरली तर आकडा वाढतो. तरी चाळीस वर्षांनंतरही लक्ष्य लांबच होतं. कारणंही उघड आहेत. राज्य सरकारने आपली मुख्य कचेरी पलीकडे न्यावी, म्हणजे नोकऱ्या मागोमाग जातील, असं त्या तिघांचं आग्रहाचं सांगणं होतं. कचेरी गेली नाही, उलट सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटवर समुद्र बुजवून टॉवर उठले. कांदा-बटाट्याचा आणि लोखंडाचा घाऊक बाजार खाडीपार गेला, मंत्रालय राहिलं तिथेच. ज्या वसाहतीत रोजगार नाही, तिला झोपायला जाण्याचं ठिकाण एवढीच किंमत उरते, आणि लोक तिथे तेव्हाच जातात जेव्हा दुसरीकडे परवडत नाही.

जमिनीचं बघू. ३४४ चौरस किलोमीटरमध्ये २० लाख, हेच प्रमाण धरून ४१ कोटी ६० लाख माणसं बसवायची तर सुमारे ७१,५०० चौरस किलोमीटर जागा लागेल. एकोणीस गोवे. किंवा महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि नकाशावर पांढरी दिसणारी जागा रिकामी नसते, हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांइतकं कोणाला ठाऊक असणार? तिथे भातखाचरं होती, खाजणं होती, मिठागरं होती.

३४४ चौरस किलोमीटर म्हणजे ८५ हजार एकर, म्हणजेच ३४ लाख गुंठे. त्यात सरकारी जमीन होती तशी खासगीही होती, आणि खासगी जमीन म्हणजे कोणाचा तरी सातबारा. संपादनाचा दर आणि पद्धत यावरून असंतोष साचत गेला. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकरी उतरले. १६ आणि १७ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. त्या आंदोलनातून पुढे जे तत्त्व आलं ते आज अख्ख्या राज्यात ‘साडेबारा टक्के’ या दोन शब्दांत ओळखलं जातं : संपादित केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

हा हिशेब जवळून बघण्यासारखा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. पण त्यातूनही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. शेतकऱ्याच्या हाती उरतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. चौरस मीटरमध्ये ३५४. त्यावर दीड चटईक्षेत्र मिळालं तर ५३१ चौरस मीटर बांधकाम. चार भाऊ वाटेकरी असतील तर प्रत्येकाला १३३. बांधायला पैसा नसेल तर बिल्डरशी भागीदारी, आणि मग त्यातलेही निम्मे. चाळीस गुंठ्यांचा मालक दोन पिढ्यांत दोन फ्लॅटचा मालक होतो. काही घरांनी त्यातून उत्तम संसार उभे केले, मुलं शिकवली, धंदे थाटले. काहींनी भूखंड हाती येण्याआधीच दलालाला लिहून दिला. पण शहराने त्यांना दिलेला वाटा साडेतीन गुंठे होता, हे दोघांच्याही बाबतीत खरंच.

आणि गाव? गावठाणाची हद्द जुनी, ती वाढवली नाही. कुटुंबं मात्र वाढली. मुलगा लग्नाचा झाला तर त्याने राहायचं कुठे? घराशेजारी खोली काढली, वर मजला चढवला. या घरांना तिकडे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, आणि सरकारी कागदात ती अनधिकृत. ती नियमित करण्याचे शासन निर्णय एकामागून एक निघत आले, तरी प्रश्न पुरता मिटला नाही. ज्यांच्या शेतावर सेक्टर उभे राहिले, त्यांचंच घर बेकायदा ठरावं, याचा मला संताप येतो. २० लाखांच्या शहराचा आराखडा करताना ९५ गावांची पुढच्या पन्नास वर्षांची वाढ मोजणं अवघड नव्हतं. तो हिशेब फक्त कोणी मांडला नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्याजवळ हडपसरला आहे. मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकर उसाची जमीन विकायची नाही, एकत्र करायची, असं ठरवलं. सतीश मगर यांनी पुढाकार घेतला. कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, आणि २००० सालापासून त्या जमिनीवर घरं, कार्यालयं, शाळा, बाग असं नगर उभं राहिलं. सरासरी काढली तर कुटुंबामागे ३.३ एकर, म्हणजे १३३ गुंठे. टक्केवारीचा प्रश्नच आला नाही, कारण जमीन कोणी घेतली नव्हती. पुढे सिंहगड रस्त्यावर सुमारे ७०० एकरांवर नांदेड सिटी याच वाटेने झाली. हे सगळीकडे जमेल असं मी म्हणणार नाही. मगरपट्टा वाढत्या पुण्याच्या अगदी तोंडाशी होता, कुटुंबं एकमेकांच्या नात्यातली होती, आणि १२० घरांना एका सतरंजीवर बसवता येतं. ९५ गावांना तसं बसवणं वेगळं. पण शेतकऱ्याला आकड्याच्या कोणत्या बाजूला ठेवायचं, हे तिथे पहिल्या दिवशी ठरलं होतं.

सरकारी वाटा हळूहळू वाढला, हेही नोंदवायला हवं. ११६० हेक्टरांवरच्या नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली तेव्हा साडेबावीस टक्के कबूल झाले, म्हणजे एकरामागे कागदावर ९ गुंठे. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात नगररचना परियोजनेतून ४० टक्के, म्हणजे १६ गुंठे, शेतकऱ्याकडेच राहतील अशी मांडणी आहे. ५, ९, १६. ही चढण काही दशकांची आहे आणि तिच्या पायथ्याशी दास्तान फाटा आहे. त्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यायचं राज्याने ठरवलं आहे.

शहर वाढवायचं म्हणजे उंच बांधायचं, ही समजूत आता इतकी पक्की झाली आहे की तिची कोणी शहानिशाही करत नाही. ती करायला सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, डोंगरपायथ्याशी असलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जावं. कोरियांनी १९८० च्या दशकात ही वसाहत सिडकोसाठी रचली. सुमारे ६ हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबं. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे एकाला वर मजला चढवायचा असेल तर शेजाऱ्याच्या परवानगीची गरज पडत नाही.

रचना अशी की सात घरं एका चौकाभोवती, चौक आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं, आणि त्यांच्या मध्ये बारा बाय बारा मीटरचा मोठा चौक. असे तीन मिळून त्रेसष्ट घरं आणि वीस बाय वीस मीटरचं पटांगण. आता घरामागे साडेचार माणसं धरून भागाकार करू. छोट्या चौकाचे ६४ चौरस मीटर, माणशी दोन. मधल्या चौकाचे १४४, माणशी दीड. पटांगणाचे ४००, माणशी १.४. बेरीज जवळजवळ ५ चौरस मीटर मोकळी जागा, आणि तीही उंबरठ्याबाहेर, जिथे आई स्वयंपाकघरातून मुलाला हाक मारू शकते. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचं सांगतात. चौपट फरक, आणि लिफ्ट एकही नाही. आज तिथली कित्येक मूळ घरं पाडून दोन-तीन मजली झाली आहेत. घर वाढणारच, हे धरूनच ती आखणी होती.

या वसाहतीत हेक्टरी ५०० माणसांपर्यंतची दाटी धरली होती. याच दाटीने ४१ कोटी ६० लाख माणसांची घरं बसवली तर जागा लागते ८,३२० चौरस किलोमीटर. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा आहे. ही फक्त घरांची जागा, तीही बहुतेक बैठ्या आणि एकमजली घरांची. रस्ते, शाळा, दवाखाने, बाजार, कारखाने यांच्यासाठी तिप्पट धरा, सुमारे २५ हजार होतात : पुणे आणि नागपूर हे दोन जिल्हे मिळून. आधीच्या ७१,५०० च्या जवळपास एक तृतीयांश. म्हणजे वाचलेली ४६ हजार चौरस किलोमीटर जमीन शेतीकडे राहू शकते, तीसुद्धा कोणाला चाळिसाव्या मजल्यावर न चढवता. शिरीष पटेल अखेरपर्यंत हेच लिहीत राहिले की चटईक्षेत्र निर्देशांकाने शहराची दाटी कळत नाही, इमारतींबाहेर माणशी किती जमीन उरते ते मोजा. त्यांचं हे मोजमाप नियमावलीत मुख्य आकडा म्हणून यायला हवं होतं. आजही प्रत्येक चर्चा चटईक्षेत्रापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

राहिलं पाणी. राज्याच्या धोरणात एकात्मिक नगर वसाहतीला किमान १०० एकर जागा लागते. समजा अशा एका वसाहतीत ४ हजार फ्लॅट झाले आणि १६ हजार माणसं राहायला आली. माणशी रोज १३५ लिटर या मानकाप्रमाणे गरज झाली २१ लाख ६० हजार लिटरची. नळ येईपर्यंत हे पाणी टँकरने येतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज २१६ टँकर, म्हणजे अहोरात्र दर पावणेसात मिनिटांना फाटकातून एक टँकर आत आणि रिकामा एक बाहेर. पुण्याच्या आणि ठाण्याच्या कडेच्या ज्या सोसायट्यांत मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा वेगळा रकाना असतो, तिथल्या लोकांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. १३५ पैकी ४५ लिटर संडासात ओतले जातात. तेवढं जरी सांडपाणी शुद्ध करून वापरलं तरी ७२ टँकर कमी होतात. त्यासाठी घरात पाण्याच्या दोन नळ्या मुळातच टाकाव्या लागतात. भिंती उभ्या राहिल्यावर त्या टाकणं महाग पडतं.

नवी मुंबई या बाबतीत शहाणी निघाली. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण महापालिकेने विकत घेतलं. त्याची क्षमता रोज ४५ कोटी लिटरची आहे. पण नव्या ४१ कोटी ६० लाख माणसांना १३५ लिटरने रोज ५,६१६ कोटी लिटर लागतील. सव्वाशे मोरबे. वर्षाचं पाणी एकत्र केलं तर १०५ टीएमसीच्या कोयनेसारखी सात धरणं. सात कोयना बांधायला महाराष्ट्रातच काय, देशातही कुठे मोकळी दरी उरलेली नाही. उरली असली तरी तिच्यातही गावं असतील.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटरचा. त्याच्या पलीकडच्या टोकाला आता तिसरी मुंबई आखली जाते आहे. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर हे तिचं सरकारी नाव. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं, क्षेत्र ३२३ चौरस किलोमीटर, जवळपास पहिल्या नवी मुंबईएवढंच. त्यातलं चिरनेर हे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. या प्रकल्पावर गावांनी हरकती नोंदवल्या आहेत, आणि त्या वाजवी आहेत. ३२३ चौरस किलोमीटरचा एक टक्का म्हणजे सुमारे ८०० एकर, ३२ हजार गुंठे. वाट्याच्या टक्केवारीत दीड-दोन टक्क्यांची घासाघीस म्हणजे नेमकं काय, हे त्यावरून लक्षात यावं.

या शहराच्या आराखड्यात लोकसंख्या, रोजगार आणि गुंतवणूक यांचे आकडे ठळक छापले जातील. त्यांच्या शेजारी गावागणिक आणखी काही रकाने छापा, एवढीच माझी मागणी आहे. एकरामागे कापून-सवरून हाती किती गुंठे, गावठाणाची हद्द पुढच्या पन्नास वर्षांसाठी कुठवर, पाणी कोणत्या धरणातून आणि माणशी किती लिटर, उंबरठ्याबाहेर माणशी किती चौरस मीटर. आणि भूखंड किती वर्षांत मिळणार, हाही रकाना. पहिल्या नवी मुंबईच्या कागदांत तो नव्हता. तिथल्या साडेबारा टक्क्यांच्या काही वाटपांची प्रकरणं अजूनही प्रलंबित आहेत, आणि ज्यांच्या नावावर तो सातबारा होता त्यांची नातवंडं आता फायली घेऊन बेलापूरला हेलपाटे घालतात.